सांडपाण्यातील संजीवनी : डॉ. जुझेप्पे ब्रोत्सू

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने एका आरोग्यशास्त्रज्ञाचे चरित्र लिहायला घ्यावे, याचे माझ्या वर्गातील मैत्रिणींना मोठे नवल वाटले. आमचा संबंध जमाखर्चाशी आणि ताळेबंदाशी. जंतू आणि बुरशी यांच्याशी आमचे काय नाते? पण गेल्या पावसाळ्यात हे नाते फार जवळून जडले. मला विषमज्वर, म्हणजे आपण ज्याला टायफॉईड म्हणतो तो ताप, झाला. डॉक्टरांनी रक्त तपासून घेतले आणि सेफिक्झिम नावाच्या गोळ्या चौदा दिवसांसाठी लिहून दिल्या. सहाव्या दिवशी ताप उतरला, तोंडाला चव आली, आणि आठव्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या. चाचणी परीक्षा तोंडावर आली होती, गोळ्यांनी पोट बिघडल्यासारखे वाटत होते, आणि उरलेल्या गोळ्या घरात कुणाला तरी पुढे उपयोगी पडतील, असा एक हिशेबी विचारही मनात होता. आईला मी यातले काही सांगितले नाही. तीन आठवड्यांच्या आत ताप उलटला. या खेपेस दवाखान्यात दाखल व्हावे लागले, आणि त्याच कुळातील सेफ्ट्रायाक्झोन हे औषध शिरेतून घ्यावे लागले. परीक्षा तर बुडालीच. शिवाय घरात जपून ठेवलेले पैसे दवाखान्याच्या बिलात गेले.

खाटेवर पडल्या पडल्या, जे औषध माझ्या शिरेत थेंबथेंब उतरत होते त्याचे कुळ आणि मूळ कोणते, हे जाणून घ्यावेसे वाटले. बरी झाल्यावर ग्रंथालयात बसले आणि एका नावाशी येऊन थांबले. ते नाव जुझेप्पे ब्रोत्सू. आपल्याकडे अलेक्झांडर फ्लेमिंग आणि पेनिसिलिन यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असते. ब्रोत्सू यांचे नाव मात्र त्यांच्या बेटाबाहेर, वैद्यकाचे विद्यार्थी सोडले, तर फारसे कुणाच्या कानावर जात नाही. त्यांच्या बेटावर ते घरोघरी माहीत आहे.

हे बेट म्हणजे सार्डिनिया. इटलीच्या पश्चिमेस, भूमध्य समुद्रात ते वसले आहे. राज्य इटलीचे, सरकारी भाषा इटालियन. पण लोकांच्या घरात सार्डिनियन ही त्यांची स्वतःची वेगळी भाषा. दोन भाषांत वाढणे म्हणजे काय, हे आपल्या सीमाभागातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. या बेटावरील गिलार्त्सा या लहानशा गावी २४ जानेवारी १८९५ रोजी ब्रोत्सू यांचा जन्म झाला. प्रसिद्ध विचारवंत अंतोनियो ग्राम्शी यांचे बालपणही याच गावात गेले, हा एक योगायोग. ब्रोत्सू यांनी बेटाची राजधानी असलेल्या काल्यारी शहरात वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९१९ मध्ये पदवी संपादन केली.

रोग्याची नाडी पाहून पैसा मिळवण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. त्यांनी निवडले आरोग्यशास्त्र. एका रोग्याला बरे करण्यापेक्षा सबंध गावाला आजारी पडू न देणे हे या शास्त्राचे काम. त्यात पाणी, गटारे, डास, माश्या आणि दूध यांचा विचार करावा लागतो. नाव कमी आणि पायपीट फार. सिएना, बोलोन्या आणि मोदेना या मुख्य भूमीवरील विद्यापीठांत अभ्यास व अध्यापन करून १९३० च्या दशकात ते काल्यारीस परतले आणि तेथील आरोग्यशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले. सार्डिनिया तेव्हा हिवतापाने पोखरून निघाले होते. हिवतापाविरुद्धच्या कामात त्यांनी कित्येक वर्षे घालवली. युद्धाच्या काळात काल्यारी विद्यापीठाच्या प्रमुखपदाची, म्हणजे आपल्याकडील कुलगुरुपदासारखी, जबाबदारीही त्यांच्यावर होती.

दुसऱ्या महायुद्धात काल्यारीची फार दुर्दशा झाली. १९४३ च्या फेब्रुवारी आणि मे महिन्यांत शहरावर जबर बॉम्बवर्षाव झाला. युद्ध संपले तेव्हा माणसे घरी परतत होती, पण अन्न आणि औषधे यांची सर्वत्र टंचाई होती. विषमज्वर तर तेथे ठाण मांडून बसलेला. त्या वेळी या रोगावर खात्रीचे औषधच नव्हते. पेनिसिलिनने जगात चमत्कार घडवला होता खरा, पण विषमज्वराच्या जंतूंपुढे त्याचे चालत नव्हते. रोग्याची शुश्रूषा करायची, पातळ अन्न द्यायचे आणि ताप आपल्या पावलांनी उतरण्याची वाट पाहायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती असे.

अशा वेळी ब्रोत्सू यांचे लक्ष एका न शोभणाऱ्या जागेकडे गेले. काल्यारीच्या किनाऱ्यावर सु सिक्कू नावाचा भाग आहे. शहराचे सांडपाणी तेथे समुद्रात सोडले जाई. सबंध शहराची घाण जिथे पडते, तिथले पाणी रोगजंतूंनी खदखदत असले पाहिजे. परंतु काही अंतरावर ते पाणी आपोआप शुद्ध होताना दिसे. हे कसे? समुद्राचे मीठ आणि ऊन यांनी हे घडते, असे म्हणून दुसरा एखादा गप्प बसला असता. ब्रोत्सू यांना वाटले की, त्या पाण्यात असा एखादा सूक्ष्म जीव असावा की जो इतर जंतूंना वाढू देत नाही. फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशीचा कण वाऱ्याने येऊन पडला होता. ब्रोत्सू मात्र आपली बुरशी शोधायला स्वतः गटाराच्या तोंडाशी गेले.

१९४५ मध्ये त्यांनी त्या पाण्याचे नमुने घेतले आणि त्यातून एक बुरशी वेगळी काढली. तिचे त्या वेळचे नाव सेफॅलोस्पोरियम अक्रेमोनियम. पुढे शास्त्रज्ञांनी तिचे नाव बदलून अक्रेमोनियम क्रिसोजेनम केले; औषधाच्या नावात मात्र जुने नाव टिकून राहिले. या बुरशीतून झिरपणारा रस त्यांनी निरनिराळ्या जंतूंवर टाकून पाहिला. गळवे आणि फोड करणारे जंतू त्याने वाढेनात. आणि ज्यासाठी सारा खटाटोप चालला होता, ते विषमज्वराचे जंतूही त्याने दबले.

साधने तुटपुंजी, पैसा नाही, सहकारी थोडे. रस शुद्ध करण्याची रासायनिक यंत्रणा तर त्यांच्याजवळ नव्हतीच. तरीही त्यांनी तो कच्चा अर्क रोग्यांवर वापरून पाहिला. फोडांत आणि गळवांत तो सुईने सोडला, तर विषमज्वराच्या आणि माल्टा तापाच्या रोग्यांना तो टोचून दिला. काहींना गुण आला. अर्क अशुद्ध असल्यामुळे टोचल्यावर थंडी-ताप भरे, हेही दिसले. आजच्या नियमांनी असा प्रयोग कुणी करू देणार नाही, हे उघड आहे. पण हाती दुसरे औषध नसताना केलेली ती धडपड होती.

१९४८ साली त्यांनी हे सारे एका निबंधात लिहून प्रसिद्ध केले. निबंध इटालियन भाषेत, आणि छापला तो त्यांच्याच संस्थेच्या एका लहानशा प्रकाशनात. मोठ्या जगात तो कोण वाचणार? इटलीतील औषध कंपन्यांकडून त्यांना साहाय्य मिळाले नाही. या बुरशीचे पेटंटही त्यांनी घेतले नव्हते. येथे कथा संपली असती, तर आज माझ्यासारख्या कितीतरी जणांची कथाही वेगळी झाली असती. पण सार्डिनियात काही काळ काम केलेले ब्लायथ ब्रूक नावाचे एक ब्रिटिश आरोग्य अधिकारी ब्रोत्सू यांच्या ओळखीचे होते. ब्रोत्सू यांनी आपला निबंध त्यांना पाठवला. ब्रूक यांनी लंडनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाकडे विचारणा केली आणि तेथून ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी यांचे नाव पुढे आले. पेनिसिलिनचे औषध बनवणाऱ्या तुकडीचे प्रमुख ते हेच. त्याच वर्षी ब्रोत्सू यांनी आपली बुरशी ऑक्सफर्डला पाठवून दिली. एका भाषेतील ज्ञान दुसरीत पोचवणारा एक माणूस भेटला, म्हणून ते ज्ञान वाचले. मराठी आणि कन्नड अशी दोन्ही पाने छापणाऱ्या आपल्या अंकात ही गोष्ट मला मुद्दाम नोंदवाविशी वाटते.

ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड एब्राहम आणि गाय न्यूटन या दोघांनी ते काम चिकाटीने पुढे नेले. बुरशी एकच, पण ती निरनिराळी द्रव्ये तयार करते, असे त्यांना आढळले. गंमत अशी की विषमज्वराच्या जंतूंना दाबणारे जे द्रव्य ब्रोत्सू यांना दिसले होते, ते मुख्यतः पेनिसिलिनचाच एक नवा प्रकार निघाले. खरा ठेवा त्याच्या आड दडलेला होता. १९५३ मध्ये एब्राहम आणि न्यूटन यांना अगदी अल्प प्रमाणात आणखी एक द्रव्य सापडले. त्याला त्यांनी सेफॅलोस्पोरिन सी असे नाव दिले. त्याची शक्ती बेताचीच होती, पण अंगी एक मोठा गुण होता. काही जंतू पेनिसिलिनेज नावाचे एक द्रव्य तयार करून पेनिसिलिन तोडून टाकायला शिकले होते. त्या द्रव्यापुढे सेफॅलोस्पोरिन सी टिकून राही. १९६१ पर्यंत त्याची रचना निश्चित झाली. डोरोथी हॉजकिन यांच्या क्ष-किरण अभ्यासानेही तिला दुजोरा मिळाला. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा गाभा कायम ठेवून त्यावर नवनव्या शाखा जोडल्या. १९६४ मध्ये पहिली औषधे बाजारात आली : अमेरिकेतील एली लिली कंपनीचे सेफॅलोथिन आणि ब्रिटनमधील ग्लॅक्सोचे सेफॅलोरिडिन.

वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून मला येथे थांबावेसे वाटते. सेफॅलोस्पोरिन सी ची पेटंटे ब्रिटनच्या राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळामार्फत घेतली गेली आणि त्यांतून फार मोठे उत्पन्न झाले. एब्राहम यांनी आपल्या वाट्याचा बहुतेक पैसा विश्वस्त निधी स्थापून संशोधनासाठी आणि शिक्षणासाठी देऊन टाकला. आणि ब्रोत्सू? त्यांनी तर बुरशी दुसऱ्याच्या हाती देताना स्वतःच्या खाती काही मांडलेच नव्हते. पुढे ऑक्सफर्डने त्यांना सन्माननीय पदवी देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला.

बुरशी परदेशी गेली म्हणून ब्रोत्सू कडवट झाले नाहीत. ते आपल्या बेटाच्या कामाला लागले. १९५५ ते १९५८ या काळात ते सार्डिनियाच्या प्रादेशिक सरकारचे अध्यक्ष होते. १९६० ते १९६७ पर्यंत काल्यारीचे महापौर. ज्या शहराच्या सांडपाण्यात त्यांनी औषध शोधले, त्याच शहराचा कारभार त्यांच्या हाती आला. ८ एप्रिल १९७६ रोजी काल्यारी येथे त्यांचे निधन झाले. तेथील एक मोठे रुग्णालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

माणूस गेला, पण त्याच्या बुरशीचा वंशविस्तार थांबला नाही. सेफॅलोस्पोरिनच्या आज पाच पिढ्या मानल्या जातात. पहिल्या पिढीतील सेफॅझोलिन शस्त्रक्रियेपूर्वी जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून देतात, तर सेफॅलेक्सिन त्वचेच्या जंतुदोषावर चालते. तिसऱ्या पिढीतील सेफ्ट्रायाक्झोन आणि सेफिक्झिम विषमज्वरावर वापरतात. ब्रोत्सू ज्या रोगासाठी सु सिक्कूच्या पाण्यापर्यंत गेले, त्या रोगावरचे औषध अखेर त्यांच्याच बुरशीच्या वंशात निघाले. ही सारी औषधे जंतूंच्या पेशीभोवतीची भिंत नीट बांधू देत नाहीत. भिंत ढासळली की जंतू मरतो. आपल्या शरीरातील पेशींना अशी भिंत नसते, म्हणून ती आपल्याला बहुधा सोसतात. आणि सर्दी-पडशाच्या विषाणूंनाही अशी भिंत नसते, म्हणून सर्दीवर ही औषधे घेणे केवळ वाया जाते.

वाया जाते एवढेच असते, तर नुकसान आपल्या खिशापुरते राहिले असते. पण औषध अर्धवट किंवा विनाकारण घेतले की शरीरातील दुबळे जंतू मरतात आणि ज्यांना त्याचा मारा सोसतो ते मागे उरून वाढतात. ही ताकद ते दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. नोव्हेंबर २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतात, हैदराबाद शहराच्या परिसरात, विषमज्वराची अशी साथ पसरली की तिच्या जंतूंवर जुनी औषधे तर नाहीच, पण सेफ्ट्रायाक्झोनही चालेना. हातात मोजकीच औषधे उरली. हे वाचले तेव्हा, आठव्या दिवशी कपाटात ठेवून दिलेले ते गोळ्यांचे पाकीट माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. माझा ताप त्यामुळेच उलटला की नाही, हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितले नाही. पूर्ण औषध घेऊनही हा ताप कधी कधी उलटतो. पण औषध मधेच सोडून मी त्याला वाट करून दिली, एवढे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले.

त्यानंतर मी जे शिकले ते येथे थोडक्यात देते. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत, आणि शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून तर मुळीच घेऊ नयेत. किती दिवस घ्यायची हे रोगाप्रमाणे डॉक्टर ठरवतात. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने थांबू नये, आणि वाटले म्हणून वाढवूही नये. पूर्वी पेनिसिलिनने किंवा याच कुळातील औषधाने अंगावर पुरळ, ओठांना सूज किंवा धाप असा त्रास झाला असेल, तर तो आधीच सांगावा. पेनिसिलिन न सोसणाऱ्यांपैकी थोड्यांनाच सेफॅलोस्पोरिनचा त्रास होतो, असे आता कळले आहे. पण तो निर्णय डॉक्टरांचा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर यांतील बहुतेक औषधांची मात्रा कमी करावी लागते. पोट थोडे बिघडणे नेहमीचे. परंतु पाण्यासारखे जुलाब थांबत नसतील किंवा रक्त पडत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे, कारण या औषधांनी आतड्यातील उपयोगी जंतूही मरतात. नवजात बालकाला कॅल्शियमयुक्त सलाईन चालू असेल तर सेफ्ट्रायाक्झोन देत नाहीत, म्हणून त्याला आधी काय दिले आहे ते लपवू नये. लहान मुलांच्या औषधाची कोरडी भुकटी मिळते. ती उकळून गार केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत मिसळावी, दर वेळी बाटली हलवावी आणि वेष्टनावर लिहिलेल्या दिवसांनंतर उरलेले औषध देऊ नये.

आपल्या सरकारनेही याची दखल घेतली आहे. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिम, सेफ्ट्रायाक्झोन यांसारखी औषधे एच-१ या अनुसूचीत आली. त्यांच्या वेष्टनावर लाल रंगात आरएक्स ही खूण आणि लाल चौकटीत इशारा असतो. विकताना दुकानदाराने रोग्याचे नाव, डॉक्टरांचे नाव, औषध आणि नग यांची वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायची, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण चिठ्ठीवाचून दोन गोळ्या सुट्या मागणारे आपणच असलो, तर ती वही कोरीच राहणार.

आम्हाला वर्गात शिकवतात की भांडवल खाऊन जगणारी पेढी फार दिवस चालत नाही. हे औषध कुणा एकाचे भांडवल नाही, सगळ्यांचे सामाईक आहे. एका माणसाने ते घाणीच्या पाण्यातून शोधून काढले आणि मोबदल्याचा करार न करता दुसऱ्यांच्या हाती दिले. मी त्यातले सहा दिवसांचे औषध कपाटात वाळत ठेवले. ते पाकीट पुढे मी आमच्या डॉक्टरांच्या हवाली केले. घरात कुणाला तापात चुकून दिले जाऊ नये म्हणून. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कुणाला ताप आलाच, तर चिठ्ठीवरचे दिवस कॅलेंडरवर मांडून एकेक खोडायचे, असे आईने आणि मी ठरवले आहे. डॉ. ब्रोत्सू यांच्या स्मृतीस अभिवादन करण्याची माझ्यापुरती हीच रीत.